सरळ झालेली जीप

मला यंत्रांचं कौतुक सांगू नका. बहात्तरच्या दुष्काळात, घोडेगावजवळच्या शाळेत, मी नुसत्या एका खिळ्यावर पोरांना सिनेमा दाखवलाय. सातवीच्या वर्गाच्या खिडक्या पोती लावून बंद केल्या, एका ठिकाणी काळा पुठ्ठा बसवला आणि त्याला खिळ्यानं भोक पाडलं. समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटला, पण उलटा. लिंबाचं झाड खाली डोकं वर पाय, बैलगाडीची चाकं आभाळाकडं. पोरं हरखून गेली.

त्याच दिवशी नगरहून साहेब तपासणीला यायचे होते. त्यांचा शेरा चांगला पडला, तर माझी नोकरी कायम होणार होती.

तेवढ्यात भिंतीवर त्यांची जीप आली, बाकी सगळ्यासारखीच उलटी. शाळेसमोर दुष्काळी कामावर खणलेला चर होता. जीप तिथं आली, भिंतीवर तिनं कोलांटी घेतली आणि चक्क सरळ झाली. चाकं खाली.

पोरांनी टाळ्या पिटल्या. शांता नावाची पोरगी म्हणाली, "गुरुजी, समदं उलटं, मग ही एकलीच सरळ कशी वो?"

प्रश्न बिनतोड होता. अंधारातच फळ्यावर किरण काढून भोक कुठं चुकलं, ते मी शोधत बसलो.

दहा मिनिटांनी साहेब दारात. टोपी नाही, सदरा मातीनं भरलेला.

"जीप पलटी झाली, आम्ही ओरडतोय, आणि एक माणूस बाहेर येत नाही?"

मी तोंड उघडायच्या आत शांता उठली.

"आमी बघतच हुतो, साहेब. तुमी उलटे झाला, तवाच तर सरळ दिसाया लागला."