अष्टमीची भरती

शांती: हे तिसरं बेट. इथं पन भातशेती, खारबांध नि एक शाळा. मग आमच्या जोह्याला काय बेट म्हनायचं नाय?

महिपती: जोह्याच्या चारी बाजूंनी खाडी हाय का? इथं हाय. म्हंजे बेट. आनि टीव्हीतल्या बेटांवर अशी गाडी असते? आत पलंग, गॅस, पंखा, पडदे!

शांती: पडदे माझ्या जुन्या साडीचे.

महिपती: म्हनून तर शोभतात.

शांती: गोड बोलू नका. काय ठरलंय? आजचा एक दिवस मी फिरनार. मला पटलं तर गाडी ऱ्हानार. नाय पटलं तर उद्या सकाळी हमरापूरचा हर्षद येऊन विकत घेऊन जानार. पलंग काढून गनपती वाहील तिच्यातनं. निदान देवाचं काम तरी होईल.

महिपती: अगो, कंपनीनं मोडीत काढली म्हनून घेतली, पन अठ्ठावीस वर्षं हीच गाडी चालवली मी. पेन ते धाटाव, तीन शिफ्टा. सगळी कंपनी बसली हिच्यात, तू एकदा नाय बसलीस.

शांती: बसवलंत कधी?

महिपती: आज बसवलं ना! सांग, पटलं का?

शांती: दिवस मावळू दे, सांगते.

महिपती: आता कुठं जायची घाई? सावलीत बस जरा. सहा वाजेपर्यंत इथंच थांबू.

शांती: सहाच का?

महिपती: सहज. ती बघ चिंबोऱ्यावाली आली. ओ वैनी! चिंबोऱ्या ताज्या का?

पारी: अजून चावतात, बोट घालून बघ. हीच गाडी का तुमची? मला वाटलं दवाखाना आला.

महिपती: फिरतं घर हाय ते! बरं वैनी, खाडीवरच्या त्या ठेंगण्या पुलावर, फरशीवर, पानी चढतं का हो संध्याकाळी? गाडी अडकायची, म्हनून विचारतो.

पारी: घाबरू नको दादा, आज भांग हाय.

महिपती: छ्या छ्या! आमी तसले नाय. माळकरी मानूस मी. शांते, तू चिंबोऱ्या बघ, मी फरशीकडं चक्कर मारून येतो.

(महिपती पाण्याची बाटली घेऊन फरशीकडे जातो.)

पारी: काय गो, याला भांग म्हंजे प्यायची वाटली?

शांती: मानूस रोह्याचा, डोंगराकडचा. त्याला काय म्हाईत! माझं म्हायेर खारेपाटात. मला कळलं.

पारी: भांग म्हंजे बारकी भरती. अष्टमीचं पानी अर्ध्यावरनंच फिरतं. फरशी भिजायची पन नाय. उधान आमोशा-पुनवेला.

शांती: माझ्या बापानं जावयाला शिकवलं व्हतं, तिथीची पाऊनपट केली की भरतीची वेळ कळते. आठाची पाऊनपट सहा. सकाळपासनं बोटं मोजतोय. सहाला पानी चढेल, गाडी अडकेल नि उद्या हर्षदला मिळायची नाय, हा त्याचा डाव.

पारी: नि भांगाचं?

शांती: ते बापानं शिकवलं नाय. जावयाला सगळं शिकवायचं नसतं.

पारी: मग सांग ना त्याला, गो!

शांती: थांब. खरं सांगू? अठ्ठावीस वर्षं हा मानूस घड्याळ बघून गाडी हाकायचा. रस्त्यात बापूस दिसला तरी थांबायचा नाय. आज मी सात ठिकानी थांब म्हटलं, सात ठिकानी थांबला. एकदा नुसता बगळा बघायला. मी वर्षभर गनपतीचे डोळे आखते, मान वर करायला फुरसत नाय. आज लय बरं वाटलं गो मला.

पारी: सहा वाजले नि आला बघ. अगो बाय, भिजून आला!

महिपती: शांते, घात झाला! फरशी गेली पान्याखाली. बघ, गुडघ्यापर्यंत भिजलो. आता आज काय निघता येत नाय.

शांती: अरे देवा. खाडीत उतरलात तुमी?

महिपती: उतरलो म्हंजे! काय ओढ होती पान्याला!

शांती: नि चिखल?

महिपती: चिखल... धुतला.

पारी: मी जाते गो बाय. फरशीवरनंच जायचंय मला, पोहायला लागनार. या चार चिंबोऱ्या ठेव.

शांती: थांबा, हर्षदला फोन लावते. हॅलो, हर्षद? शांतीकाकू. उद्या नको येऊस, बाळा. गाडी बेटावर अडकली, पानी चढलंय... परवा? नाय रे, परवा पन नाय उतरायचं... तू गनपतीसाठी दुसरी गाडी बघ. हे पानी आमच्या जन्मात उतरत नाय.

महिपती: शांते... म्हंजे तुला...

शांती: मला काय कळतंय? चहा ठेवते. पानी आना. का सगळी बाटली पँटवरच ओतलीत?