तळहातावरचा भुसा

घोड्यांच्या जत्रेत चहाची रांग लागली होती. केझायाच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, आणि त्यांची ईडन नदीत नुकतीच न्हाऊ घातलेली ठेंगणी, दणकट घोडी.

"अहो, पायांवरच्या केसांच्या झालरीला अजून भुसा चोळा. ओलीच आहे."

"चोळतोय गं. साबणाच्या दोन बाटल्या संपल्या हिच्यावर."

"लग्नाच्या दिवशी स्वतःला नव्हता लावलात एवढा!"

"तेव्हा मला कुठं विकायचं होतं?"

"फुकटात पडलात माझ्या गळ्यात. बरं, गिऱ्हाइकाला सांगायचं हं, वाटेत पोर दिसलं की ही थांबते, पाठीवर घेतल्याशिवाय हलत नाही."

"ते ऐकून सकाळपासून तीन गिऱ्हाइकं पळाली."

"पळू देत. न सांगता दिली, तर थांबेल तिथं चाबूक खाईल. गुडघे तुमचे गेले म्हणून विकतोय, तिचा काय गुन्हा?"

म्हाताऱ्याचा भुशानं माखलेला हात झालरीवरून फिरत राहिला.

"दादा," मागून केझाया म्हणाली, "माझ्या गाडीत चार नातवंडं आहेत." तिनं तळहात पुढं केला.

"अगं, किंमत ठरायच्या आधीच?"

"अहो, बघता काय? टाळी देऊन सौदा पक्का करा! किंमत ठरवू चहा पिता पिता."

टाळी वाजली आणि भुसा तिघांच्या अंगावर उडाला.