दाढदुखीतला अल्बम

ही २०१२ सालची गोष्ट. दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सुजलेल्या गालाची एक मुलगी आणि तिचा भाऊ बसले होते.

“दादा, यंदाचे तुझे आवडते अल्बम ठरले?”

“ठरले. पहिला बेकरीत काम करणाऱ्या त्या तिघांचा. भट्टीशेजारीच रेकॉर्ड केलाय, मागे ट्रे वाजतात.”

“आणि आमचा?”

“चौथा.”

“सख्ख्या बहिणीचा बँड आणि चौथा?”

“सख्खी म्हणून खोटं बोलू? शेवटच्या गाण्यात तुझे ड्रम पळत सुटलेत. गाणारी बिचारी मागून धावतेय.”

“अरे, दाढ ठणकत होती! कधी एकदा संपतंय असं झालं होतं.”

“मग तेव्हाच सांगायचं ना, शहाणे!”

“स्टुडिओ तेवढा एकच दिवस मिळाला होता.”

“बरं, दाढ काढ आणि पुन्हा वाजव.”

“मग पहिला नंबर?”

“आधी ऐकू दे.”

“दुष्ट!”

तिला आत बोलावलं, तेव्हा मी भावाकडून बँडचं नाव विचारून घेतलं.

पुढे कार्यक्रमांत दोघं मला भेटत राहिली. तिच्या दुसऱ्या अल्बमला दादाने पहिला नंबर दिला; हल्ली तिचे ड्रमही तोच उचलतो. डॉक्टर निवृत्त झाले. मी मात्र अजून तो चौथाच अल्बम लावते. शेवटच्या गाण्याला माझी कवळीसुद्धा धावते.