खराब हॉर्न

गॅरेजात पंक्चर काढून घ्यायला बसलेल्या मास्तरांनी पेपर वाचायचं सोडून कान पलीकडे लावले.

“काकू, हॉर्न ठणठणीत आहे तुमचा.”

“असू दे. ट्रकचा बसव.”

“गल्ली शिव्या घालेल.”

“घालू दे. इतकी वर्षं मी दोनदा वाजवला की आमचे हे येऊन फाटक उघडायचे. हल्ली येतच नाहीत. म्हणतात, हॉर्नचा आवाज बसलाय.”

“मग काकांचे कान दाखवा.”

“दाखवले. यंत्र लावायचं नाव घेत नाहीत.”

“फाटक तुम्हीच उघडा की.”

“ते त्यांचं काम आहे. तू बसव.”

मेकॅनिकने पान्हा घेतला.

“जुना दे इकडे. खराब झालेला म्हणून दाखवते त्यांना.”

“थांबा काकू, आधी त्यावर हातोडी घालतो. काकांनी बॅटरीला लावून बघितला, तर वाजायचा.”