देव्हाऱ्यातला राम

विनोदिनी : ते साल सत्त्याऐंशी, बाबली. गोवा राज्य झालं त्याच महिन्यात तू आमचा गंजिफाचा, त्या गोल रंगीत पत्त्यांचा डबा नेलास. ‘प्रदर्शनात मांडतो, आठवड्यात परत देतो’ म्हणालास.

बाबली : जपून ठेवलाय, काकी. काचेच्या कपाटात.

विनोदिनी : तुझे काका मागायला आले, तर देवळात सगळ्यांदेखत म्हणालास, कृष्णनाथकाकांनी सोऱ्यापायी विकला.

बाबली : तोंडातून गेलं.

विनोदिनी : दारूचा थेंब माहीत नव्हता त्यांना. त्यानंतर देवळाची पायरी चढले नाहीत. दार लावून बसले ते बसलेच. मेले तेव्हाच बाहेर निघाले.

बाबली : रविवारी माझं घर लोकांना उघडतोय. समया, चिनी बरण्या, सारीपाट, सगळं मांडलंय. सावंतवाडीचे खेळाडू येताहेत, सकाळी गंजिफा खेळून दाखवायला. काल पानं लावली तर...

विनोदिनी : रामाचा राजा नाही.

बाबली : तुमच्याकडे आहे?

विनोदिनी : दिवसा राम ज्याच्या हाती, तो डाव सुरू करतो. रात्री कृष्ण. म्हणून आमच्यात दिवेलागणीला राम डब्यातून काढून देव्हाऱ्यात निजवतात. तू त्या दिवशी दिवे लागल्यावर आलास. डब्याची नक्षी बघितलीस आणि पळालास. कधी खेळला असतास तर कळलं असतं.

बाबली : द्या ना, काकी. पाया पडतो.

विनोदिनी : देते. रविवारी सगळ्यांसमोर म्हण, काकांनी विकला नाही, मी लाटला.

बाबली : एवढ्या लोकांत? त्यापेक्षा नवं पान रंगवून घेईन.

विनोदिनी : घे. मी पहिल्या रांगेतल्या कदेलावर बसेन, राम पदरात घेऊन.

(बऱ्याच वर्षांनी. विनोदिनी आणि तिची नात सुविधा.)

सुविधा : मग बाबलीकाकांनी तसं म्हटलं?

विनोदिनी : नाही गे. नवा राम मांडला, तकतकीत. मी उठले नि आमचा जुना त्याच्या शेजारी ठेवला. खेळाडूंनी दोन्ही पानं डब्यातल्या पानांशी लावून बघितली, डबा कुणाचा ते ओळखलं, एकमेकांकडे बघितलं, आणि चहासुद्धा न घेता उठले. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

सुविधा : आणि बाबलीकाका?

विनोदिनी : घराला कुलूप लावून वाळपईला लेकीकडे गेला. जाताना डबा आमच्या सोप्यावर ठेवून गेला. हाकसुद्धा मारली नाही.

सुविधा : मग राम अजून देव्हाऱ्यात का? डब्यात ठेव ना, पुरा होईल.

विनोदिनी : ठेवीन. त्यानं दारात येऊन ते वाक्य म्हटलं की.

सुविधा : आजी, बाबलीकाका गेले गे. गेल्या शिमग्यात.

विनोदिनी : ठाऊक आहे मला.