मागची डावी बाजू

मारा की हातोडी, मी कुठे नको म्हणतेय — सगळीकडे वाजवून बघा, पासिंग करायचं म्हणजे तुम्हाला खड्ड्यात उतरून गाडीचं पोट बघावंच लागणार — फक्त मागे डाव्या बाजूला जरा हळू मारा, तिथे थोडा गंज आहे. गंज कुणाला नसतो साहेब? एकतीस वर्षांची गाडी आहे, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी घेतलेली, आणि अजून एका चावीत सुरू होते, मघाशी ऐकलंत ना? आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की काय दिसतं, एक काळं प्लास्टिकचं झाकण, त्याखाली काय चाललंय ते देवालाच ठाऊक. आणि हिचं उघडा. सगळं डोळ्यांसमोर, हा पंप, ही नळी, हा पट्टा, आत हात घालायला जागा आहे, अहो आत उभं राहायला जागा आहे. दोन पाने आणि तारेचा एक तुकडा असला की मी कुठेही अडकत नाही. कोण शिकवायला बसलं होतं मला? आपोआप येतं. रोज हिच्यात बसायचं म्हणजे हिचं ऐकावं लागतं — क्लच तापला की वेगळं कण्हते, पाणी कमी झालं की वेगळं.

काय म्हणालात? नवी घ्या? खालून बोलताय ना, आवाज घुमतोय — नवी, हो, सगळेच सांगतात. नवीने वर जाऊन दाखवावं एकदा. खाणीपर्यंत डांबर आहे, मान्य, पण खाणीच्या पुढे आमच्या वस्तीपर्यंत रस्ता कुठला, ओढ्याचं पात्रच ते, त्यातूनच वर चढायचं. मागच्या वर्षी दवाखान्याची नवी कोरी गाडी आली होती, दुसऱ्या वळणावर समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला आणि गाडी जी बसली ती बसलीच. ड्रायव्हर पुस्तक काढून वाचतोय, दिवा कसला म्हणून. मी हिला साखळी लावून ओढून काढली तिला. आमच्या हिला दिवेच नाहीत, लागणार काय? उंची बघा हिची, मी खाली वाकले तरी चाकात अख्खी मावते. चारही चाकं ओढतात. एकाचं सुटलं तर तिघं धरतात. आणि वरखाली नेतं कोण बाकीचं सगळं? पीठ, तेल, खत, दवाखान्यात निघालेली बाई, शिक्षकांचं कपाट सुद्धा मीच नेलं. सकाळी खाली, दुपारी वर. मी थांबले तर आमच्याकडे अठरा घरं आहेत, त्यांनी करायचं काय? हे कागदात कुठे लिहायची जागा असते का तुमच्या?

बरं, बघा तुम्ही. मी मध्ये बोलत नाही.

तो सिलिंडर दिसला का मागे, दोन आहेत, दोरीने बांधलेत — ते ऑक्सिजनचे, भरलेले. आमच्या ह्यांचे. खाणीत वीस वर्षं हीच गाडी चालवली ह्यांनी, धूळ खाल्ली, आता छातीत हवा राहत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी भरून न्यायचे. आज मंगळवार आहे साहेब. तुम्ही नाही म्हणालात तर मी काय करू, सांगा ना. नाही, घाबरवत नाहीये मी तुम्हाला, उगाच गळा काढणारी बाई नाही मी. विचारतेय फक्त.

ह्यांनीच शिकवली मला गाडी. त्याआधी किती वर्षं मी ह्या गाडीत पुढे बसलेच नव्हते, माहीतय? पुढे हे, शेजारी सासरे, नाहीतर खाणीचा मुकादम, नाहीतर जो कोणी पुरुष माणूस असेल तो. मी मागे हौद्यात, पिठाच्या पोत्यांबरोबर. ऊन म्हणू नका, वारा म्हणू नका, डोक्यावर पदर घट्ट बांधून मागचा रस्ता बघत जायचं. पुढचा रस्ता कसा दिसतो ते मला लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर कळलं. ह्यांचा दम संपायला लागला तेव्हा म्हणाले, बस. मी म्हटलं, कुठे? म्हणाले, स्टिअरिंगला. बोलायला श्वास पुरायचा नाही त्यांना, म्हणून काय करायचे, समोरच्या पत्र्यावर बोटाने ठोकायचे — एकदा ठोकलं की क्लच, दोनदा ठोकलं की ब्रेक, आणि मी नीट वळण घेतलं की काहीच नाही, गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यासाठी मी जीव टाकायचे. एक दिवस खालपासून वरपर्यंत एकदासुद्धा ठोकलं नाही. मी दारात गाडी उभी केली आणि उतरलेच नाही, बसून राहिले. शेजारीण आली बघायला, काय झालं म्हणून. 

तेव्हापासून मला सगळे गाडीवाली म्हणतात. आधी काय म्हणायचे? काहीच नाही. ह्यांची बायको.

आलात वर? पाय जपून, ती पायरी तेलकट आहे. झालं ना बघून? कसल्या फळ्या — त्या होय? हौद्यातल्या? सामान ठेवायला. नाही, बोल्ट मारून बसवल्यात कारण हलू नयेत म्हणून, अंड्यांचे ट्रे असतात कधी कधी, आणि ती बाजूची कडी पण त्यासाठीच, धरायला, म्हणजे दोरी बांधायला. आता मुलं काय, कुठेही हात लावतात, ती फळीवर बसली तर कडी धरणारच की — नाही, मुलं म्हणजे, रोज असं नाही. रोजच, पण सातच जण आहेत. शाळा खाली आहे ना साहेब, इथेच, ह्या अंगणाच्या मागच्या बाजूला, घंटा ऐकू येते बघा. मीच सोडून आले सकाळी. एवढीएवढीशी आहेत, सगळी मिळून दोन पोत्यांचं वजन भरत नाही. माझ्या गाडीमुळे शिकतायत. पाऊलवाटेने दोन तास लागतात त्यांना, दोन तास वर आणि दोन तास खाली, कोण पाठवतं मग? त्यातल्या मोठ्या दोघी बहिणी, त्यांची शाळा सुटलीच होती, मी म्हटलं त्यांच्या आईला, मी आहे ना.

पेनाला टोपण का लावलंत?

अहो लिहा ना. उजेड कमी पडतोय का? लिहा, आणखी एक वर्ष. सहा महिने लिहा. सहा महिन्यांत मी तो भाग बदलून घेते, अख्खा तुकडा कापून नवा बसवते — कुठला भाग म्हणजे? तोच, मागचा डावा. तुम्ही बघितलात ना. नाही बघितलात? डांबर लावलंय वरून — मला वाटलं तुम्ही वाजवलंत तेव्हा कळलं असेल तुम्हाला.

बरं.

बरं, सांगते, तुम्ही खाली उतरलात की बोटाने खरवडलंत तरी दिसेलच. चीर आहे. चासीला, कमानीचा पाटा जिथे अडकवलाय तिथे. दीड वीत असेल. वेल्डिंग करून घेतलं मी, दोनदा, पहिल्यांदा सुटलं म्हणून दुसऱ्यांदा. वेल्डर म्हणाला, ताई, पत्र्यात जीवच उरला नाही, मी कशाला जोडू, जोड धरेल पण बाजूचं फाटेल. म्हणाला, रिकामी चालवा. भरून नका नेऊ. मी म्हटलं हो. वर्कशॉपातून निघाले ती थेट पिठाच्या दुकानाकडे. डांबराचा डबा मीच आणला, मीच ब्रशने लावलं, आडवी झोपून, केसांत सगळं गेलं, रॉकेलने धुवावं लागलं. तुम्हाला फसवायला नाही. तुम्हाला पण. पण आधी मलाच ते दिसायला नको होतं, रोज सकाळी पाणी बघायला वाकलं की ती चीर दिसायची.

आणि ते सातवं वळण. तिथे मागच्या महिन्यात — जाऊ दे. काही नाही. झालं असं की मागून कडकन आवाज आला आणि हौदा एका बाजूला बसला, एवढाच, हातभर, पुन्हा वर आला. पण त्या दोघी बहिणींमधली धाकटी तोंडावर आपटली कडीवर. पुढचा दात गेला आणि हनुवटी फाटली. मी उतरून बघते तर ती रडतसुद्धा नव्हती, तळहात धरून बसली होती तोंडाखाली, गाडीत रक्त सांडू नये म्हणून. माझी गाडी घाण होऊ नये म्हणून, कळतंय का तुम्हाला? पोर आहे ती आठ वर्षांची. मी तिला पुढे बसवलं माझ्याशेजारी. म्हटलं, आता तू रोज पुढे बसायचं. आईला काय सांगायचं? शाळेच्या पायरीवरून पडले. ती म्हणाली, बरं. आणि तिने तसंच सांगितलं. तिची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दही घेऊन आली, तुम्ही लगेच घरी पोचवलीत म्हणून.

हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्ही इतके गप्प राहता ना साहेब, समोरचा माणूस बोलतच सुटतो. सवयीने राहता की मुद्दाम?

ह्यांना? नाही, ह्यांनाही सांगितलं नव्हतं. पण ह्यांना सांगावं लागत नाही. अंथरुणात पडून असतात, खिडकी उघडी ठेवायला लावतात, आणि मी तीन वळणं खाली असले की गाडी ऐकतात. त्या दिवशी मी आत गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, मागचा डावा. दोनच शब्द, तेवढाच श्वास. मी म्हटलं, काही नाही झालेलं, कान गेलेत तुमचे. असं म्हटलं मी त्यांना. ज्या माणसाचं आता कानांशिवाय काही धड उरलेलं नाही त्याला.

तेव्हापासून रोज म्हणतात, खाली जाऊ. माझी धाकटी बहीण इथे खालीच राहते, तळमजल्यावर, तिची मागची खोली रिकामी आहे, मेहुणे स्वतः दोनदा वर येऊन सांगून गेले. दवाखाना दहा मिनिटांवर आहे तिथून. शेजारचे चौघं जण म्हणाले, खुर्चीत बसवून पाळीपाळीने धरून उतरवतो, गाडीचा दणका नको त्यांना. सगळं ठरवलं सगळ्यांनी. मीच म्हणते, रस्ता वाळू दे. मीच म्हणते, थंडी सरू दे. मला वाटायचं, ह्यांना स्वतःसाठी जायचंय, दम लागतो म्हणून. म्हणून राग यायचा मला, खरं सांगते. आत्ता तुमच्यापुढे बोलताना लक्षात येतंय माझ्या — स्वतःसाठी म्हणत नाहीयेत ते. मागचा डावा ऐकल्यापासून म्हणतायत. मी हिच्यात बसू नये म्हणून.

आणि मी काय करणार खाली जाऊन? बहिणीच्या मागच्या खोलीत उशाशी बसून राहणार. चादर बदलायची, औषध द्यायचं. ते करीन मी, त्याचं नाही काही, करतेच आहे. पण सकाळी कुठे जायचं नाही. कुणी वाट बघणार नाही. हिच्या त्या सीटवर चढले ना साहेब, की मला खालचं सगळं दिसतं — छपरं, खाण, तुमचं हे अंगण. एवढ्या उंचावरून मी कधी काही बघितलं नव्हतं. अकरा वर्षं झाली, अजून मन भरत नाही. त्याच्यासाठी मी त्या माणसाला वर ठेवलंय. त्या पोरांना मागे बसवलंय. आता ऐकलंत सगळं.

नका, पाणी नको मला. माझ्याकडे असं बघू नका, आणि सहा महिने वगैरे काही लिहू नका. आत्ता तुम्हाला दया आली असेल तर ती बाजूला ठेवा. नापास लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, मला चष्म्याशिवाय दिसेल असं.

ही किल्ली घ्या. टेबलावर नको, टेबलावर राहिली तर मी उचलीन, माझं मला माहीतय. खिशात ठेवा तुमच्या.

एक सिलिंडर जाईल माझ्या पाठीवर, शुक्रवारपर्यंत पुरवते कसाबसा. दुसरा तुमच्या खोलीत ठेवा. साडेतीनला शाळा सुटेल, फाटकाशी मला उभं राहिलं पाहिजे, सातही जणांना पाऊलवाटेने चालवत न्यायचंय, रडतील दोघंतिघं. वर पोचले की आधी त्या पोरीच्या आईकडे जायचंय. घरी नंतर.

नाही, सोबत वगैरे नको. तुम्ही जा, मागची गाडी केव्हाची थांबलीय.