मारोती पेंटरच्या बायकोने घासलेली फियाट

—नाही हो साहेब, अपशकुन-बिपशकुन काही झाला नव्हता, साधाच दिवस होता, मी सुकट निवडत बसले होते, मांजर टपून होतं — आणि तुमच्याच गाडीसाठी रंग घासायचं कंपाउंड आणायला पनवेलला गेलेले आमचे हे, तिथेच दुकानाच्या पायरीवर कोसळले आणि गेले, ते सांगायला ट्रकवाले नजीबभाई आले. बिचाऱ्यांनी आधी कंपाउंडचा डबा नीट खाली ठेवला, मग बोलले. आणि मी काय विचारलं? झाकण घट्ट आहे ना? काय करणार, जिभेला सवय.

बसा, बाकड्यावर बसा, रंग लागत नाही — लागलाच तर फियाटशी जुळेल. तुम्हाला वाटलं असेल, मारोती पेंटर गेला, आता गाडी अशीच धुरकट राहणार. वॉटर पेपर, म्हणजे ओला काचकागद, मारला की कुठलाही रंग तसाच दिसतो — आरशावर तोंडाची वाफ सोडल्यासारखा. बारीक चरे असतात ते. ओल्या फडक्याने कंपाउंड घासत राहायचं, चरे गेले की धुरकटपणा जातो, मग वरून मेणाचं पॉलिश. मला कुणी शिकवलं? कुणी नाही. हे गाडीला हात कुठे लावू द्यायचे — बांगड्या काढ म्हणायचे, रंगावर ओरखडे येतात. मी म्हणायचे, हिच्यासाठी बांगड्या काढू? ही कोण, माझी सवत? मग मी दारात बसून त्यांचं काम बघायचे, आणि मुद्दाम हात हलवून बांगड्या वाजवायचे. हे चिडायचे हो. चिडले की फार छान दिसायचे.

मग त्या दिवशी बायका आल्या, शेजारच्या वेणूबाई सगळ्यांच्या पुढे — बांगड्या फोडायला. मी म्हटलं, गाडीजवळ फोडू नका, काचा रंगाला लागतील, मीच उतरवते. त्यांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. वाटू दे. आता हात मोकळे — बॉनेट बघा, त्यात बघून भांग पाडा. वरचा टप बघा.

तिकडे कशाला गेलात? तो मागचा दरवाजा ना — हो, आहे धुरकट. खाडीची दमट हवा, त्यामुळे... हवेचं काय, बाकीची गाडी मी काय घाटावर नेऊन घासली? खाली वाका. उन्हात तिरकं बघा. रेघा दिसल्या? आमचे हे बोटांनी नाही, तळव्याने कागद दाबायचे, म्हणून एवढ्या रुंद. सगळी गाडी करत करत शेवटी या दरवाजाशी आले, आणि तिथूनच उठून पनवेलला गेले. घासलं की जाणार त्या. काम काही मोठं नाही. रोज फडकं ओलं करते, आणि बॉनेटच पुन्हा घासते — म्हणून एवढं चमकतंय.

उद्या तुमचे जावई येणार, ठाऊक आहे मला. दुसऱ्या बाजूने बसवा त्यांना, जावई कुठे गाडीभोवती प्रदक्षिणा घालतोय.

चावी आतच आहे. न्या आता. तेवढा मागचा दरवाजा माझ्याकडून झाला नाही.